लवकीची नाडी

सुमन, तुझ्या घड्याळाचा पट्टा मी आज सकाळपासून चौथ्यांदा हातात घेतला. तेरवी होऊन चार दिवस झाले. पाहुणे गेले, अंगणातला मांडव उतरला, आज सकाळी आपली लेक मिनूही हैदराबादला परत गेली. बायको गेल्यावर माणसं फोटोसमोर बसतात, तिच्या साड्यांची घडी मोडून पुन्हा घालतात. मी काय करतो आहे, तर भिंग लावून रबरी पट्टा बघतो आहे. तू असतीस तर दारातूनच म्हणाली असतीस, "झालं, घरात बी जप्ती सुरू केली यायनं." आणि चहा ठेवायला गेली असतीस.

तुला तरी नवीन काय आहे म्हणा. तुझा नवरा नापतौलवाला, सरकारी वजनमापं तपासणारा. सगळी नोकरी दुसऱ्याच्या तराजूवर डोळा ठेवण्यात गेली. वजनाच्या बुडाला शिसं भरलंय का, लिटरचं माप आतून ठोकलंय का, काट्याखाली चुंबक आहे का, हेच बघत राहिलो. अभनपुरच्या बाजारात मला लांबून येताना बघून लोक आपोआप तराजू पुसायला लागायचे. त्यांतले कितीतरी सरळ होते, पण माझा त्यांच्यावरही विश्वास नव्हता. सरळ माणूस म्हणजे अजून न सापडलेला, असा माझा हिशेब होता.

लग्नानंतर रायपूरला तात्यापाऱ्यातल्या त्या एका खोलीत आपण राहायला आलो. दुसऱ्याच आठवड्यात मी दूधवाल्याचं माप त्याच्या हातातून घेतलं, ऑफिसातलं प्रमाण माप काढलं आणि पाणी ओतून ताडून पाहिलं. माप बरोबर निघालं. तू उंबऱ्यात उभी होतीस. दूधवाला गेल्यावर म्हणालीस, "माप खरं निघालं त तुमचं तोंड काहून पडलं?" लग्नाला पंधरा दिवस झाले नव्हते आणि तू मला ओळखलं होतंस, याचाही मला थोडा संशय आला. कुणीतरी आधीच सांगितलं असेल असं वाटलं.

मग छत्तीसगढ हे राज्य नवीन झालं, आणि पुढे राजधानीही नवीन. ऑफिस नव्या रायपूरला गेलं, मी रोज बसनं जायला लागलो. मैलोगणती रुंद रस्ते आणि त्यावर माणूस नाही. मी घरी येऊन कुरकुरायचो, एवढे रस्ते कुणासाठी, यात काहीतरी आहे. तू पोळ्या लाटता लाटता म्हणायचीस, "माणसं येतीन न हळूहळू. तुम्ही तोवर रस्ते मोजून ठेवा." तुझी थट्टा कधी बोचली नाही. बोचायला पाहिजे होती, असं आता वाटतं.

मी निवृत्त होऊन घरी बसलो, आणि असल्या माणसाच्या घरात ते घड्याळ आलं.

तुझं बीपी जरा वर असायचं म्हणून मिनूनं ते पाठवलं होतं. पाठीमागे हिरवा दिवा. तो कातडीतून उजेड आत सोडतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड कमीजास्त होतो, त्यावरून घड्याळ नाडी ओळखतं, असं मिनूनं फोनवर समजावलं. सुई नाही, रक्त काढणं नाही, मनगटावर बांधलं की झालं. मी विचारलं, यावर तपासणीचा शिक्का कुठे आहे? मिनू म्हणाली, "बाबा, इसमें शिक्का नहीं होता." मी म्हटलं, मग हे खरं सांगतंय हे कुणी ठरवलं? तू फोन माझ्या हातातून काढून घेतलास आणि तिला म्हणालीस, "तू नको लक्ष देऊ. मी घालून राहिली."

तिसऱ्या छिद्रात तू तो पट्टा बसवायचीस. तुझं मनगट बारीक, बांगड्यासुद्धा तुला लहान मापाच्या लागायच्या. हे मी लिहितो आहे, कारण पुढे ते लागणार आहे.

चार दिवस मी गप्प बसलो. पाचव्या दिवशी तू आंघोळीला गेलीस आणि घड्याळ ओट्यावर राहिलं. शेजारी लवकी पडली होती. तिकडे महाराष्ट्रात तिला दुधी भोपळा म्हणतात, तू म्हणशील हे काय सांगायची गोष्ट आहे. मी लवकीच्या बारीक टोकाला घड्याळ बांधलं आणि थांबलो. दिवा लुकलुकला, थोडा वेळ गेला आणि आकडा आला. लवकीची नाडी अठ्ठ्याहत्तर.

मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. तू केस पुसत बाहेर आलीस, तर मी तुला हाताला धरून ओट्यापाशी नेलं. रिकाम्या तराजूनं शून्य दाखवलं पाहिजे, हा माझ्या नोकरीतला पहिला धडा. ज्याला काळीजच नाही त्याची नाडी दाखवणारं यंत्र खोटं. तू लवकीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि घड्याळ सोडून पुन्हा आपल्या हाताला बांधलंस. दुपारी मी विचारलं, भाजी का नाही झाली? तू म्हणालीस, "जिची नाडी चालून राहिली, तिले मी चिरू कशी?" ती लवकी तू कमलाला देऊन टाकलीस. कमला आपल्याकडे सकाळ-दुपार भांडी घासते, तिला तो किस्सा सांगून तुम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसत होतात. मी आतून ऐकत होतो, आणि मलाही हसू आलं होतं. तेवढं तुला कधी सांगितलं नाही.

मिनूनं नंतर समजावलं होतं की उजेड कशावरूनही परत येतो, आणि घड्याळ त्यात लय शोधत बसतं. माणसाच्या हातासाठी केलेली वस्तू भाजीला बांधली तर ती काहीतरी बरळणारच. मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. माझा निकाल लागला होता.

मग दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी तू चहाचा कप माझ्यासमोर ठेवलास आणि उभीच राहिलीस. "घड्याळानं पुन्हा सांगितलं. ठोके चुकून राहिले म्हणे. मिनूचा बी फोन आला होता. चला न, दोघं बी दाखवून येऊ."

मी पेपर खाली केला नाही. म्हटलं, "तुह्या लवकीले बी सोबत नेऊ का? तिचं बी दाखवून देऊ."

तू हसली नाहीस. दोन दिवसांनी पुन्हा विचारलंस. मग आठवड्यानं. तिसऱ्या वेळी तुझा आवाज चढला. "मले भीती वाटते म्हणून म्हणून राहिली मी. माह्यासाठी चला." मी म्हटलं, खोट्या काट्यावर भरवसा ठेवून मी डॉक्टरच्या दारात उभा राहणार नाही. भीती वाटत असेल तर ते उपकरण काढून ठेव, भीती जाईल. तू कप उचललास आणि गेलीस. ते आपलं शेवटचं भांडण, आणि ते मी जिंकलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, सकाळी, तू ओट्यापाशी कोसळलीस.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी फक्त एक गोष्ट करत होतो. माझंच वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकत होतो. लवकीला सोबत नेऊ का. मला खात्री होती की तुझं हृदय बंद पडलंय, आणि ते पडणार हे घड्याळानं सांगितलं होतं, आणि मी ते लवकीला बांधलं होतं. मिनू विमानानं आली. माझ्याकडे बघून काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला आहे, बीपी चढलं असणार. मी विचारलं, आणि हृदय? ते म्हणाले, हृदय अगदी छान आहे, ईसीजीच्या पट्टीवर एक ठोकाही इकडचा तिकडे नाही.

सुमन, आता जे सांगतो ते मिनूलाही सांगितलेलं नाही. तू आत नळ्यांमध्ये पडली होतीस, आणि मला आनंद झाला. पळभरच, पण झाला. घड्याळ खोटं होतं, मी बरोबर होतो, असं माझ्या मनात आलं. दूधवाल्याचं माप चुकीचं निघालं असतं तर झाला असता, तसला आनंद. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलीस. त्या पळाची मला लाज वाटते, आणि ती कुणाजवळ सांगायची, तर ऐकणारी एकच होती.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मिनू फोन घेऊन माझ्यापाशी बसली. त्यात तुझ्या घड्याळाची सगळी नोंद होती. ती बराच वेळ बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "बाबा, आई दोपहर को सोती थी क्या?"

मी म्हटलं, तुझी आई आणि दुपारी झोपणार? मी जेवून आडवा व्हायचो, तेव्हा तू शिलाई मशीन काढायचीस. त्या खडखडाटाशिवाय मला झोप यायची नाही.

"तो फिर ये क्या है? जितनी बार वॉर्निंग आई, सब दो से तीन के बीच की है. और ये तो हाथ बिल्कुल शांत हो तभी चेक करता है." तिनं स्क्रीन माझ्यापुढे धरली. सकाळ-संध्याकाळची नाडी एका उंचीवर, दुपारची एकदम खाली. चालही वेगळी, कुठे दोन ठोके जवळ, कुठे लांब. "बाबा, ये आई का नहीं लगता."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी उठून घड्याळ आणलं आणि खिडकीच्या उजेडात पट्टा धरला. तिसरं छिद्र ओढून लांबट झालेलं, ते तुझं. आणि अगदी शेवटचं छिद्रही तितकंच लांबट झालेलं. मधली सगळी कोरीच्या कोरी. एक घड्याळ, दोन मनगटं. त्यातलं दुसरं जाड.

आणि मला कोण आठवावं? कमला. दुपारी घरात मी, तू आणि ती. मजबूत हाताची बाई आहे. तू भोळी, तिला हौस म्हणून घालू दिलं असशील, किंवा तिनं न विचारताच घातलं असेल. सगळी नोकरी डोळ्यांत तेल घालून केलेला माणूस, मला दुसरं काही सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती आली, तर मी घड्याळ तिच्यासमोर धरलं आणि विचारलं, दुपारचं हे कोण घालत होतं?

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मोला चोर समझथव का, भैया?"

मी म्हटलं, मी फक्त विचारतो आहे. तिला ते खरं वाटलं नाही, आणि ते खरं नव्हतंच. तिनं हात पदराला पुसले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज रागाचा होता. "तुमन सुत जाव, त दीदी ह तुँहर हाथ म बांध देवय. मैं बर्तन मांजत रोज देखंव."

माझ्या हाताला? मी झोपलो की?

"हव, तुँहरेच हाथ म." मग म्हणाली, "दीदी कहय, अपन बर तो कभू नइ जाय, मोर नाव ले जाही."

मिनू मागे दारात उभी होती. तिला छत्तीसगढी माझ्यापेक्षा चांगली कळते. ती रडायला लागली. मी मात्र ते वाक्य मनात मराठीत करून पाहिलं, कुठे काही चुकीचं ऐकलं असेल या आशेनं. स्वतःसाठी तर हे कधी जायचे नाहीत, माझ्या नावानं जातील.

तुझा अंदाज एकदाच चुकला, सुमन. दूधवाल्याच्या दिवसापासून तू मला बरोबर तोलत आलीस आणि इथे मला जास्त धरलंस. मी तुझ्या नावानंही गेलो नाही. तू म्हणालीस माझ्यासाठी चला, आणि ते तुझंच दुखणं आहे असं समजूनही मी पेपर खाली केला नाही. नाडी कुणाचीही असो, माझी चूक तेवढीच राहते. मी किती बाजूंनी तपासून पाहिलं, पण त्यातून सुटका नाही.

आता एकेक आठवतं. एकदा दुपारी अर्धवट झोपेत मनगटाला तुझी बोटं लागली होती. मी डोळे उघडून दरडावलं, काय करून राहिली? तू म्हणालीस, "माशी होती." माझा त्यावरही विश्वास बसला नव्हता. कपाटाच्या किल्ल्या बघत असेल असं वाटलं. मी उशी चाचपली, किल्ल्या जागेवर होत्या, आणि कुशीवर वळून झोपलो. तू त्यानंतर किती वेळ तशीच बसून राहिली असशील, मला पुन्हा गाढ झोप लागेपर्यंत?

आणि मशीनचा तो खडखडाट. घड्याळ बांधून झालं की तू पुन्हा मशीनवर बसायचीस, मला जाग येऊ नये म्हणून. कमलाने हेही सांगितलं. कधी कधी खाली कापडच नसायचं म्हणे.

काल मिनू मला दवाखान्यात घेऊन गेली. त्यांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर आली, आणि डॉक्टरांनी ती बराच वेळ पाहिली. नाडीची लय बिघडलेली आहे. कधी येते, कधी आपोआप जाते, म्हणून कळत नाही. असंच राहिलं असतं तर एखादी गुठळी होऊन मेंदूकडे गेली असती. गोळ्या दिल्या, आयुष्यभर घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, "टाइम पर आ गए आप. ये पकड़ा किसने?" मी म्हटलं, "मेरी पत्नी ने." त्यांनी मान डोलावली आणि पुढचा पेशंट बोलावला.

ते घड्याळ तपासायची खरी रीत अगदी सोपी होती. तुझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटभर ठोके मोजायचे आणि आकडा ताडून बघायचा. माप तपासायचं तर खऱ्या मापाशी ताडून, हे मी नवीन पोरांना शिकवत आलो. दूधवाल्याच्या वेळी मला ते सुचलं होतं. तुझ्या वेळी मी ओट्यावरची लवकी उचलली. इतक्या वर्षांच्या संसारात तुझी नाडी मी एकदाही हातात घेतली नाही, सुमन. दवाखान्यात घेतली, तेव्हा तिथे यंत्रच यंत्रं होती आणि नर्स म्हणाली, बाबूजी, हात मत लगाइए.

तुझा रागही येतो. का नाही सरळ सांगितलंस? हे तुमचं आहे, तुमचे ठोके चुकतात, असं एकदा तोंडावर म्हणायचं होतंस. मग उत्तरही मीच देतो. तू सांगितलं असतंस, तर मी आधी विचारलं असतं, माझ्या हाताला न विचारता हात कसा लावलास? मग पट्टा तपासला असता, मग मिनूवर घसरलो असतो, आणि शेवटी बाजारातून दुसरी लवकी आणली असती. तुला हे सगळं माहीत होतं. आणि माझ्या ठोक्यांमागे धावताना तुझं स्वतःचं बीपी कुणी पाहिलं? रोज दुपारी ते घड्याळ माझ्या हाताला. तुझं मनगट तेवढा वेळ उघडं. हा विचार मी पुन्हा पुन्हा करतो आणि अर्ध्यात सोडतो.

कमलाची मी माफी मागितली. ती "हव" एवढंच म्हणाली. आज सकाळी भांडी घासून झाल्यावर ओट्यावर काहीतरी झाकून ठेवून गेली. वाटी उघडली तर लवकीची भाजी. ती रागावलेली आहे की निवळली आहे, हे त्यावरून ठरवता येईना. आधी थोडी चाखून पाहिली, सवय जात नाही. मग सगळी खाल्ली.

आता दोन वाजत आले. मिनूनं जाताना बजावलं आहे, दुपारी घड्याळ घालूनच झोपायचं, ती तिकडून बघणार आहे. एका हातानं पट्टा बसवायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. शेवटच्या छिद्रात बसला. घट्ट नाही, सैल नाही, तू बांधायचीस तसा असावा. मशीन बंद आहे, घर शांत आहे, झोप काही येणार नाही. तरीही मी पलंगावर आडवा झालो आहे आणि ही वही छातीवर ठेवून आता डोळे मिटतो आहे. हात उताणा करून कडेला ठेवला आहे, तुला लागायचा तसा. झोपेचं सोंग घेतो, सुमन. तू ये. या खेपेला मी काही विचारणार नाही.